घड्याळावरची नावं आणि भिंतीवरची नावं: सेंगहेनिद, वेल्स

अनघा_कार्डिफ

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी इथे गावोगाव युद्धात गेलेल्यांची आठवण करतात. आठ वर्षं कार्डिफला राहून मी तो कार्यक्रम फक्त टीव्हीवर पाहिला होता. यंदा माझ्या वॉर्डातल्या एका सहकारी बाईंनी त्यांच्या गावी बोलावलं, म्हणून गेले. गाव सेंगहेनिद. परत आल्यापासून ते मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

केअरफिलीहून ॲबर खोऱ्यात शिरलं की आधी ॲबरट्रिडर लागतं, मग सेंगहेनिद, आणि तिथे खोरं संपतं. समोर डोंगर, दोन्ही उतारांवर भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या ओळी. १८९० च्या दशकात इथे कोळशासाठी जमीन खणायला घेतली, त्याआधी शेतंच होती. खाणीचं नाव युनिव्हर्सल. खाली उतरायच्या दोन विहिरी, एकीला लँकेस्टर म्हणत आणि दुसरीला यॉर्क. इथला कोळसा वाफेच्या इंजिनांसाठी नावाजलेला, धूर कमी आणि आच जास्त. ब्रिटिश आरमाराची जहाजं या भागातल्या कोळशावर चालायची.

गावच्या चौकात घड्याळाचा मनोरा आहे आणि तोच त्यांचा युद्धस्मृतिस्तंभ. पहिलं महायुद्ध संपल्यावर काही वर्षांतच तो उभा राहिला. रविवारी अकराच्या आधीच लोक जमले होते. छातीवर कागदी लाल फुलं, लहान मुलं बापाच्या खांद्यावर. अकराचा ठोका पडला आणि दोन मिनिटं शांतता. अरुंद खोरं असल्यामुळे ती शांतता फार दाट वाटते. कुठेतरी लांब कुत्रं भुंकलं तेवढंच. मग बिगुल, मग फुलांची चक्रं. नावं जोन्स, इव्हान्स, डेव्हिस, विल्यम्स, पुन्हा जोन्स. आपल्याकडे एका वाडीत सगळे एकाच आडनावाचे असतात, तसं.

कार्यक्रम संपल्यावर त्या बाई म्हणाल्या, आता दुसरीकडे चल. आणि मला वर खाणीच्या जुन्या जागेकडे घेऊन गेल्या. तिथे एक बाग आहे. मधोमध कांशाचा पुतळा: बचाव पथकातला एक माणूस एका जखमी कामगाराला आधार देऊन उभा करतो आहे. भोवती भिंत, आणि भिंतीवर फरशा. प्रत्येक फरशीवर एक नाव, वय आणि घराचा पत्ता.

१४ ऑक्टोबर १९१३, मंगळवार. सकाळी आठ वाजून गेले होते. साडेनऊशेच्या आसपास माणसं खाली होती. मिथेन पेटला, त्यापाठोपाठ कोळशाची धूळ पेटत गेली. स्फोटाच्या दणक्याने लँकेस्टर विहिरीतला, माणसं खाली-वर नेणारा पाळणा वर उडाला आणि विहिरीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस जागीच गेला. पूर्वेच्या बाजूचे जवळपास सगळे बाहेर आले. पश्चिमेच्या बाजूला आग. दुसऱ्या दिवशी पहाटे १८ जण जिवंत सापडले, त्यानंतर कोणी नाही. ४३९ कामगार गेले आणि त्यांना काढायला गेलेला एक जण. ब्रिटनच्या इतिहासात एवढी मोठी खाण-दुर्घटना दुसरी नाही. याच खाणीत १९०१ मध्येही स्फोट झाला होता, तेव्हा ८१ गेले होते.

मी त्या भिंतीसमोर वयं वाचत गेले. १४, १४, १६, ३८, १४. दोनशेहून अधिक बायका एका सकाळी विधवा झाल्या. एका रस्त्यावरचे पत्ते वाचताना घरांचे क्रमांक ओळीने येतात. मधलं एखादं घर सुटतं.

आता माझ्या मनातून न जाणारी गोष्ट. चौकातल्या घड्याळावरच्या नावांपेक्षा इथली नावं कितीतरी जास्त आहेत. गाव तेच, घरं तीच, आडनावं तीच. त्या बाईंचे पणजोबा भिंतीवर आहेत आणि पणजोबांचा धाकटा भाऊ घड्याळावर. युद्धात गेलेल्याचं नाव काही वर्षांत दगडावर आलं. खाणीत गेलेल्यांसाठी पहिलं स्मारक १९८१ मध्ये झालं, म्हणजे ६८ वर्षांनी. आणि नावं-पत्त्यांची ही बाग, हा पुतळा, शंभर वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, १४ ऑक्टोबर २०१३ ला. तोवर वडिलांचं नाव शोधणारी मुलंसुद्धा बहुतेक म्हातारी होऊन गेलेली.

असं का झालं असेल? आपल्याकडच्या अशा जागा कोणाला माहीत असतील तर त्याही सांगा.


जुने_नकाशे

फार चांगलं लिहिलंत. थोडी भर घालतो, कारण यातला कायद्याचा भाग महत्त्वाचा आहे.

१९११ च्या खाण कायद्यानुसार प्रत्येक खाणीत हवेचा प्रवाह उलटा फिरवता येईल असा पंखा असणं बंधनकारक होतं. आग लागली की धूर माणसांकडे न जाता उलट दिशेने ओढता यावा, हा हेतू. जानेवारी १९१३ ची मुदत होती, ती सप्टेंबरपर्यंत वाढवून दिली. ऑक्टोबरात स्फोट झाला तेव्हाही सेंगहेनिदचं काम झालेलं नव्हतं. ठिणगी कशाने पडली याचं खात्रीचं उत्तर चौकशीत मिळालं नाही. संकेत देण्याच्या विजेच्या घंटीवर संशय होता.

खटला झाला. व्यवस्थापकाला २४ पौंड दंड, आणि कंपनीला नंतर अपिलात १० पौंड. चोवीस पौंडांना ४३९ ने भागा: माणसामागे एक शिलिंग आणि एक पेनीच्या थोडं वर. त्या वेळी हा भागाकार लोकांनी वर्तमानपत्रात छापला होता.

तुमच्या 'का' ला माझं उत्तर असं. युद्धस्मारक उभारताना सगळ्यांचं एकमत होतं. सरकार, चर्च, खाणमालक, कामगार, सगळे एकाच बाजूला. मारणारा समुद्रापलीकडे होता. खाणीच्या स्मारकावर नावं कोरायची तर पुढचा प्रश्न आपोआप येतो, की हे कशामुळे गेले? खाण पुन्हा सुरू झाली होती आणि १९२८ पर्यंत चालू होती. ज्यांनी तो प्रश्न विचारायचा त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच पाळण्यातून खाली उतरायचं होतं.


सुभेदार_सातारा

नमस्कार ताई. मी मराठा लाइट इन्फंट्रीत २६ वर्षं काढली. वाचून वाईट वाटलं, पण एक गोष्ट मला पटली नाही ती सांगतो, राग मानू नका.

ही दोन मरणं एका तराजूत घालू नका. जवान शपथ घेतो. परत येणार नाही हे धरून तो घर सोडतो आणि घरचेही ते धरूनच निरोप देतात. खाणीतला माणूस संध्याकाळी घरी येणार म्हणून जातो. त्याचं जाणं वाईटच, पण ते वेगळं. स्मृतिस्तंभासमोर आम्ही सलामी देतो ती त्या शपथेला असते.

आमच्या साताऱ्याजवळ अपशिंगे आहे. सगळे त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि इंग्रजांनी तिथे स्मृतिस्तंभ उभारला. आजही घरटी कोणीतरी फौजेत आहे. त्या गावातली पोरं तो स्तंभ बघत मोठी होतात. त्याचा अर्थ वेगळा आहे.


निळावंती

काका, तुमच्या सेवेला मान देऊनच विचारते. संध्याकाळी घरी येणार म्हणून गेलेला माणूस आला नाही, यात शपथ नव्हती हे खरं. पण म्हणूनच त्याचं नाव कुठेतरी असायला नको का? जवानाच्या घरच्यांना निदान आधीपासून भीती तरी होती. चौदा वर्षांच्या मुलाच्या आईने सकाळी डबा भरून दिला होता.


जुने_नकाशे

सुभेदार साहेब, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पण त्या काळात दोन्ही माणसं बरेचदा एकच होती. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर वर्षभरात दोन लाखांहून जास्त ब्रिटिश खाणकामगार सैन्यात गेले. इतके गेले की कोळसा कमी पडू लागला आणि सरकारला त्यांची भरती आवरावी लागली.

त्यातल्या अनेकांना सैन्यातही जमिनीखालीच धाडलं. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये शत्रूच्या खंदकांखाली भुयार खणायचं आणि दारू ठासून उडवायचं, हे काम खाणवाल्यांशिवाय कोण करणार? ७ जून १९१७ ला पहाटे मेसिनच्या टेकडीखाली १९ सुरुंग एकापाठोपाठ उडवले, ते असेच भुयारातून.

यातल्या एका माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. विल्यम हॅकेट. यॉर्कशरमधल्या मेक्सबरोचा खाणकामगार, वय ४३. वय जास्त म्हणून पायदळाने त्याला परत पाठवलं होतं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. शेवटी भुयार खणणाऱ्या तुकडीत घेतलं. जून १९१६ मध्ये फ्रान्समधल्या जीवाँशी गावाजवळ जर्मनांनी सुरुंग उडवला आणि भुयारात पाच जण अडकले. बाहेरच्यांनी वीस तास खणून एक भोक पाडलं. तिघं बाहेर आले. हॅकेट धडधाकट होता, त्यालाही येता आलं असतं. पण टॉमस कॉलिन्स नावाचा स्वान्सीचा पोरगा जबर जखमी होऊन आत पडलेला. हॅकेट त्याला सोडून निघेना. भुयार पुन्हा कोसळलं. वरच्यांनी चार दिवस प्रयत्न केले. दोघं अजून तिथेच आहेत, जमिनीखाली बारा मीटरवर.

हॅकेटला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि आता बघा: दोघं एका जागी पडले आहेत, पण हॅकेटचं नाव बेल्जियममधल्या प्लुगस्टीर्टच्या स्मारकावर आणि कॉलिन्सचं फ्रान्समधल्या थिएपव्हालच्या स्मारकावर. जिथे गेले तिथे, जीवाँशीला, त्यांच्या आठवणीचा दगड २०१० मध्ये बसला.

या माणसाचं मरण जवानाचं म्हणायचं की खाणवाल्याचं?


सुभेदार_सातारा

जवानाचं. जखमी साथीदाराला सोडायचं नाही, हे आम्हाला शिकवतात.


जुने_नकाशे

खाणीतही तेच शिकवतात, साहेब. सेंगहेनिदच्या बागेतला पुतळा नेमका त्याचाच आहे.


कोरीव_लेणी

धागा वाचून वीरगळ आठवले. आपल्या गावच्या वेशीवर, देवळामागे, शेंदूर फासून ठेवलेले ते दगड. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईगुरं पळवणाऱ्यांशी झुंज आणि मरून पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो.

आपल्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. शिलालेख असलेले थोडेच. गावाला माहीत होतं तो कोण, म्हणून गरज वाटली नसेल. तीन-चार पिढ्यांनी माहीत असलेले गेले आणि मग तो 'वीर' नुसताच देव झाला.

वाघाशी झुंजून मेलेल्याचा वीरगळ मिळतो, गुरं राखताना मेलेल्याचा मिळतो. त्यामुळे जुन्या लोकांना राजासाठी मरणं आणि गावासाठी मरणं यात फार अंतर वाटत नसावं असं मला वाटतं. विहीर खणताना दरड कोसळून गेलेल्याचा मात्र मी पाहिलेला नाही.


अनघा_कार्डिफ

कोरीव_लेणी, सेंगहेनिदच्या फरशांवर घराचा पत्ता का कोरला असेल, ते तुमचा प्रतिसाद वाचताना लक्षात आलं. डझनभर जोन्स आहेत. पत्त्याशिवाय कोणता जोन्स कोणाचा हे कळणारच नाही.


सुभेदार_सातारा

काल रात्री झोप लागली नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले, आजचं इराक. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, त्या कूटच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत वेढा. अन्न संपलं, शेवटी शरणागती. कैद झालेले हजारो वाटेतच मेले. पणजोबा वेढ्यात गेले, वाटेत गेले की कैदेत गेले, आमच्या घरात कोणालाच कळलं नाही. तिथी माहीत नाही, म्हणून त्यांचं श्राद्ध आम्ही सर्वपित्री अमावास्येला घालतो. माझ्या आजोबांनी घातलं, वडिलांनी घातलं, आता मी घालतो.

बसऱ्याला मोठं स्मारक आहे. ज्यांची थडगी नाहीत अशा चाळीस हजारांवर माणसांचं. नोकरीत असताना एका साहेबांना विनंती करून मी चौकशी केली होती. गोऱ्या शिपायांची नावं आहेत, आपल्या सुभेदार-जमादारांची नावं आहेत. साध्या हिंदी शिपायाचं नाव नाही. पलटणीचं नाव आणि त्याखाली किती गेले तो आकडा. पणजोबा त्या आकड्यात आहेत.

आपल्या गावांतल्या त्या वेळच्या पाट्या आठवा. 'या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके कामी आले.' दोन आकडे, बस.

शपथेबद्दल मी म्हणालो ते मागे घेत नाही. पण ज्याने शपथ घेतली त्याचंही नाव राहिलं नाही, हे मला ताईंच्या घड्याळावर नावं आहेत हे वाचल्यावर फार लागलं.


निळावंती

काका, पणजोबांचं नाव इथे लिहाल का?


सुभेदार_सातारा

नाव घरच्या देवघरात एका वहीत लिहिलेलं आहे. तेवढं राहू द्या.


जुने_नकाशे

सुभेदार साहेब, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. २०२१ मध्ये युद्धथडग्यांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने स्वतःच एक अहवाल काढून मान्य केलं, की आशिया-आफ्रिकेतल्या सैनिकांची आठवण इतरांच्या बरोबरीने राखली गेली नाही, आणि माफी मागितली. फ्रान्समध्ये नव्ह-शापेलच्या स्मारकावर मात्र ४,७०० हून जास्त हिंदी नावं कोरलेली आहेत. युरोपात गेला त्याचं नाव आलं, बसऱ्यात गेला तो आकडा झाला.

उलट बाजूचं उदाहरणही द्यायला हवं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला पुन्हा कोळसा कमी पडला. डिसेंबर १९४३ पासून सक्तीच्या भरतीतल्या पोरांची चिठ्ठी निघू लागली. नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा लागला की बंदुकीऐवजी फावडं. अशी आणि स्वतःहून गेलेली मिळून ४८,००० च्या आसपास पोरं खाणीत गेली. मजूरमंत्री बेव्हिन, त्यांच्या नावावरून यांना 'बेव्हिन बॉइज' म्हणत. गणवेश नाही, पदक नाही. तरणीताठी पोरं साध्या कपड्यात फिरताना दिसली की लोक त्यांना लढाईला घाबरून पळालेली समजत. त्यांना बिल्ला मिळाला २००८ मध्ये आणि दगडाचं स्मारक झालं २०१३ मध्ये. युद्धासाठीच बोलावलेले, पण जमिनीखाली धाडले म्हणून जवळपास सत्तर वर्षं थांबले.


वर्धेकाठ

मी फारसं लिहीत नाही, पण हा धागा तीन दिवस वाचते आहे.

मी बल्लारपूरकडची. आमचे बाबा खदानीत होते, ३१ वर्षं. आमच्याकडे खाण कोणी म्हणत नाही, खदानच म्हणतात. तीन पाळ्या. रात्रपाळी असली की आम्ही दिवसा दबक्या पायाने घरात फिरायचो. खाली जायच्या आधी दिवे मिळतात त्या खिडकीवर प्रत्येकाचा नंबर ठरलेला असतो. टोपीवरचा दिवा तिथून न्यायचा, पाळी संपली की तिथेच परत करायचा. चार्जिंगच्या फळीवर एखादी जागा रिकामी दिसली, की माणूस अजून खाली आहे हे कळतं.

बाबांचे एक सोबती होते. माझ्या लहानपणी आमच्याच ओळीत राहायचे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. एका दुपारच्या पाळीत छत बसलं आणि मामा गेले. पेपरात चार ओळी आल्या, त्यात नाव चुकलेलं. पैसे मिळाले, मुलाला नोकरी लागली, ते झालं. पण बाबा सांगायचे, की मामांचा दिवा त्यांच्या पाळीतल्या कोणी बरेच दिवस घेतला नाही. खिडकीवरच्या माणसानेही दिला नाही. मग नवीन भरती झाली आणि तो नंबर एका नव्या पोराला गेला. त्याला कोणी सांगितलं नाही.

दगड नाही, पाटी नाही. पाळीतल्या लोकांनी वर्गणी काढून आमच्या कॉलनीतल्या देवळात एक पितळी घंटा बांधली. आपल्याकडे देतात तशी, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. तेवढीच आठवण.

सुभेदार काका, तुमच्या वहीसारखीच ती घंटा आहे.


कोरीव_लेणी

ताई, हे वाचून गप्प झालो. देवळाच्या पायऱ्या, घंटा, पारावरचे बाक, पाणपोई. आपल्याकडे साध्या माणसाचं नाव इथेच कोरलं जातं. मी लेण्यांमागे फिरताना अशा पायऱ्यांवरून शंभरदा गेलो असेन, वाचल्या नाहीत. त्या घंटेवर नेमकं काय लिहिलं आहे, आठवतं का?


वर्धेकाठ

नाही आठवत. आई तिथेच असते, तिला विचारते.


मातीचा_वास

झारखंडमध्ये धनबादजवळ चासनाला आहे. २७ डिसेंबर १९७५ ला शेजारच्या जुन्या पाण्याने भरलेल्या खाणीचं पाणी फुटून आत आलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. तिथे स्मारक आहे. दर २७ डिसेंबरला घरचे लोक येऊन फुलं वाहतात. माझे काका धनबादला होते, त्यांच्याबरोबर एकदा गेलो होतो. लोक आपल्या माणसाच्या नावावर हात ठेवून उभे राहतात, बोलत नाहीत.


अनघा_कार्डिफ

सगळ्यांचे आभार. शनिवारी पुन्हा सेंगहेनिदला गेले होते. या वेळी एकटीच, पाऊस होता. चौकातल्या फुलांच्या चक्रांवरची शाई ओघळली होती. वर बागेत कोणी नव्हतं. मी एका रस्त्याचे पत्ते वहीत उतरवून घेतले आणि मग त्या रस्त्यावरून चालत गेले. घरं अजून तीच आहेत, रंग नवे. एका घराच्या पायरीवर एक बाई भिजलेले बूट काढत होती. ते घर भिंतीवर आहे. तिला माहीत आहे का हे विचारायचं धाडस झालं नाही.

सुभेदार काका, पुढच्या नोव्हेंबरला चौकात जाईन तेव्हा तुमच्या पणजोबांसाठी एक फूल ठेवायची इच्छा आहे. तुमची हरकत नसेल तर.


सुभेदार_सातारा

ठेवा ताई. आणि एक वर भिंतीपाशीही ठेवा, माझ्याकडून. त्या चौदा वर्षांच्या पोरांसाठी.


वर्धेकाठ

आईशी बोलले. ती मुद्दाम देवळात जाऊन वाचून आली. मामांचं पूर्ण नाव आहे, बरोबर लिहिलेलं. गेल्याची तारीख आहे. त्याखाली 'दुसरी पाळी' आणि दिव्याचा नंबर, २१७.